फुकटचे राबणे नव्हे, समाजाचे देणे

तारापूर एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून बाप बोईसरच्या खोलीवर येतो. मुलगा अजून संगणकापुढेच बसलेला.

"एवढ्या रात्री काय करतोस रे?"

"पप्पा, डोंगर-किल्ल्यांवर जाणाऱ्या मुलामुलींच्या मंडळाची वेबसाईट बनवतोय."

"पैसे किती देणार?"

"काही नाही."

आणि घरात वादाला तोंड फुटते. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत असा प्रसंग घडू शकेल.

वाचक हो, बापाचा प्रश्न चुकीचा नाही. फुकट राबणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. महारवतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांनी सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस केली. बदल्यात मिळाले ते तुटपुंजे. ही गुलामी मोडावी म्हणूनच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पण वेठ आणि सेवा यांत फरक आहे. वेठ लादली जाते, तिला नकार देता येत नाही. सेवा माणूस आपण होऊन करतो. तिचे तास तो स्वतः ठरवतो आणि पोटाचा उद्योग आधी सांभाळतो.

आता कुणी विचारील, भटकंती करणाऱ्यांची कसली सेवा? त्याचे उत्तर १९३४ सालच्या एका सहलीत आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, सुमारे तीस जण, वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाने अंगावर धूळ बसलेली, म्हणून काहींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. लगेच पाणी बाटवल्याची ओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला!

पुढे बाबासाहेबांच्या हातून घटना घडली आणि तिच्या पंधराव्या कलमाने सार्वजनिक विहिरी-तलाव सर्वांना खुले केले. आज आपल्या मुलीला घरीच थांबवते ती बहुतेक वेळा आईची काळजी. जागा कुठे आहे? सोबत कोण? पाणी मिळेल का? परतीची शेवटची एसटी किती वाजता? या प्रश्नांची खरी उत्तरे मराठीत एका ठिकाणी मिळाली, तर आई मुलीला जाऊ देते. ती उत्तरे मांडणे हेच आपल्या मुलाचे काम.

असे काम आपल्याकडे झालेले आहे. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेने सह्याद्रीतल्या किल्ल्यांची माहिती, नकाशे आणि छायाचित्रे मराठीतून वेबसाईटवर आणली. आपल्या पालघर जिल्ह्यातही पाहण्यासारखे थोडे नाही. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीजवळचा काळदुर्ग आहे, सफाळ्याजवळचा तांदुळवाडी आहे, कातळात पाण्याची टाकी कोरलेला अशेरीगड आहे. आणि नालासोपाऱ्याचा स्तूप! १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केले, तेव्हा दगडी पेटीत करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. किल्ल्यांच्या यादीत हे ठिकाण आपला मुलगा लिहिणार नाही, तर कोण लिहिणार?

मात्र काम जबाबदारीने व्हावे. डोंगरात रेंज कमी आणि गरिबाघरचा फोन साधा, म्हणून फोटो हलके करून टाकावेत. पाण्याची माहिती कुठल्या महिन्यात पाहिली ते लिहावे. मार्चमध्ये आटलेल्या टाक्याच्या भरवशावर कुणी गेले, तर जिवावर बेतेल. मुलींचे फोन नंबर उघड्यावर ठेवू नयेत. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारूनच लावावेत. वेबसाईटच्या नावाचे शुल्क मुदत संपली की पुन्हा भरावे लागते. ते मंडळाने भरावे, मुलाच्या खिशातून जाऊ नये. आणि पासवर्ड दोघांकडे तरी असावा. एकट्याच्या हाती असेल, तर त्याला पुण्याला नोकरी लागताच सगळे बंद पडते.

मुलांनीही ध्यानात ठेवावे, की परीक्षा आणि नोकरी आधी. आठवड्याचे दोन-तीन तास ठरवून द्यावेत, त्याहून जास्त मागितले तर स्पष्ट नाही म्हणावे. नाही म्हणता येणे हीच आपल्या स्वातंत्र्याची खूण आहे.

आणि पालकांनो, पुढच्या सुट्टीत मुलाला रागावण्याऐवजी त्याच्याबरोबर एकदा लोकलने नालासोपाऱ्याला जा. स्तूपापुढे उभे राहा. मग घरी येऊन त्याने लिहिलेले पान त्याच्याकडून वाचून घ्या. काही चुकले असेल तर सांगा. त्याच्या कामात तुमचाही हात लागेल.

जय भीम!