पूर्ण-मजकूर शोधातील रेग्युलर एक्स्प्रेशन

रेग्युलर एक्स्प्रेशन ही अक्षररचनेचा नमुना सांकेतिक चिन्हांनी मांडण्याची पद्धत आहे. मोठ्या मजकूरसंग्रहात अशा नमुन्याने शोध घेण्यास लागणारा वेळ मुख्यतः नमुन्यातील निश्चित अक्षरांमुळे शोधाचे क्षेत्र किती आटोपशीर होते यावर अवलंबून असतो.

शब्दसूचीवरील शोध

ल्यूसीन आणि तिच्यावर आधारित इलॅस्टिकसर्च या प्रणालींमध्ये मजकुरातील शब्दांची क्रमवार सूची ठेवली जाते. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या दस्तऐवजांत आढळतो त्यांचे क्रमांक नोंदलेले असतात. नमुना मूळ मजकुराशी नव्हे, तर या सूचीतील शब्दांशी ताडला जातो. 'विद्या.*' या नमुन्यातील '.*' म्हणजे कोणतीही कितीही अक्षरे. विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ हे शब्द सूचीत जवळजवळ असल्याने ते त्वरित सापडतात. याउलट '.*लय' या नमुन्याचा आरंभ अनिश्चित असल्याने ग्रंथालय, हिमालय असे शब्द शोधण्यासाठी संपूर्ण सूची तपासावी लागते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी शब्द उलट क्रमानेही साठवले जातात.

ट्रायग्रॅम निर्देशांक

या पद्धतीत मजकुराचे सलग तीन वर्णांचे तुकडे नोंदवले जातात. संगणकात काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे स्वतंत्र वर्ण मानली जात असल्याने 'गणपती' या शब्दाचे 'गणप', 'णपत' आणि 'पती' असे तीन तुकडे होतात. नमुन्यात अटळ असलेले तुकडे ज्या दस्तऐवजांत आहेत, तेवढेच निवडून त्यांवर प्रत्यक्ष जुळणी केली जाते. गूगल कोड सर्च या सेवेत वापरलेल्या या तंत्राचे वर्णन रस कॉक्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केले. पोस्टग्रेसक्यूएल 9.3 (2013) पासून त्या विदागार प्रणालीच्या ट्रायग्रॅम विस्तारातही रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी ही सोय आहे.

मर्यादा

नमुन्यात सलग तीन निश्चित वर्ण नसतील, तर ट्रायग्रॅमचा फारसा उपयोग होत नाही. जुळणीच्या पद्धतीनुसारही खर्च बदलतो. मागे फिरून पुन्हा पर्याय तपासणाऱ्या पद्धतीत '(अ+)+ब' यासारख्या नमुन्याला घातांकी वेळ लागू शकतो. नमुन्याचे निश्चित अवस्थायंत्रात रूपांतर केल्यास जुळणीचा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात राहतो. मात्र यंत्रातील अवस्थांची संख्याच घातांकी वाढू शकते. अशी एकच विचारणा सामायिक सर्व्हरवरील इतरांचा शोध मंदावू शकते. म्हणून इलॅस्टिकसर्चमध्ये अवस्थांच्या संख्येवर, तर विकिपीडियाच्या शोधात अशा विचारणांच्या संख्येवर व कालावधीवर मर्यादा असते.