आवाज बंद, वही उघडी: जुन्या बॉक्सिंग लढतींना मार्क कसे द्यायचे

(आपल्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अं' आणि मधेच गेलेली लाईट एवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसं.)

देऊळघाटवरून बोलतोय. आजचा विषय तुम्हीच दिलेला. व्हॉइस नोट येतात त्यात दहातल्या सहा जणांचा प्रश्न एकच असतो: "भाऊ, तू जुन्या फाइट पाहून म्हणतो की हा जिंकला, तो हरला. पण ठरवतो कसं? दोघंही तर मारतच असतात."

प्रश्न बरोबर आहे. आपला डोळा तयार झालाय कुस्तीवर. जत्रेत कुस्ती पाहिली की पाठ टेकली, गडी चीत, विषय संपला. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला तर तसंच. पण नाही झाला तर? मग रिंगच्या बाहेर बसलेली माणसं कागदावर ठरवतात. आणि तिथूनच सगळी भांडणं सुरू होतात.

आपल्या भाषेत आणखी एक गंमत आहे. मारायचा तोही पंच आणि मार्क देणारा तोही पंच. म्हणून या भागापुरतं ठरवून घेऊ, मारलेला तो ठोसा आणि मोजणारा तो पंच. ऑलिंपिकच्या लढतीला हल्ली पंच पाच असतात, म्हणजे शब्दाला जागतात. व्यावसायिक लढतीला तीन.

आता पद्धत. प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. एखादा खाली पडला, नॉकडाउन झाला, तर साधारण १०-८. राउंड अगदीच एकतर्फी असला तरीही कधीकधी १०-८. शेवटी बेरीज. एवढंच. १०-१० देता येतो की नाही हे नियमावलीवर आहे, पण चांगला पंच तो टाळतो. तुम्हीही टाळा. १०-१० म्हणजे पेपर कोरा सोडणं.

राउंड कोणाला द्यायचा, हे मात्र अवघड. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये चार गोष्टी पाहतात. स्वच्छ लागलेले ठोसे, फळ देणारं आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातली पहिली गोष्ट बाकी तिघींच्या आधी धरा. ठोसा मुठीच्या समोरच्या भागाने, चेहऱ्यावर किंवा पट्ट्याच्या वर अंगावर, मधे हात किंवा ग्लोव्ह न येता लागला तर तो स्वच्छ. जुन्या ऑलिंपिक लढतींत ग्लोव्हवर पांढरा भाग दिसतो ना, तो याचसाठी. नुसतं पुढे पुढे जाणं म्हणजे आक्रमण नव्हे. पुढे जाऊन मारच खात असेल तर तो गडी शूर आहे, पण राउंड समोरच्याचा.

माझी रीत सांगतो. मोबाइलवर लढत लावायची, निकाल आधी वाचायचा नाही, आणि आवाज पूर्ण बंद करायचा. वही जवळ. तीन मिनिटं पाहायचं, घंटा झाली की लगेच लिहायचं. मागे नेऊन पुन्हा पाहायचं नाही, स्लो मोशन तर नाहीच. पंचाला ते मिळत नाही, मग आपल्याला कशाला? आणि बारावा राउंड बघून चौथ्या राउंडचा आकडा खोडायचा नाही. हे शेवटचं पाळायला सगळ्यात जड जातं बरं का. एक सूचना डेटा वाचवणाऱ्यांसाठी: २४० वर लावू नका. ठोसा गालावर लागला की ग्लोव्हवर, तेच दिसत नाही. निदान ४८० ठेवा.

आवाज बंद का? त्यासाठी एक लढत घेऊ, कारण इतकी चांगली शाळा दुसरी नाही. ६ एप्रिल १९८७, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस. मार्विन हॅग्लर विरुद्ध शुगर रे लेनर्ड. हॅग्लर मिडलवेटचा राजा, डोकं तासलेलं, कामगार माणसासारखा. लेनर्ड १९७६ च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, देखणा, टीव्हीचा लाडका, पण जवळपास तीन वर्षं रिंगमध्ये उतरलेलाच नव्हता. ठरलं १२ राउंड.

हॅग्लर डावखुऱ्या पवित्र्यात लढणारा. त्या दिवशी त्याने सुरुवातीचे राउंड उजव्या पवित्र्यात लढायचं ठरवलं. का, यावर आजही वाद आहेत. माझ्या मते ते राउंड त्याने हातानं दिले. मग मधल्या राउंडपासून तो पुढे येतो, अंगावर मारतो, लेनर्ड दमतो. आणि लेनर्ड काय करतो? राउंड संपायला साधारण तीस सेकंद राहिले की अचानक ठोशांचा पाऊस. त्यातले निम्मे हॅग्लरच्या हातांवर. पण लोक ओरडतात, समालोचक ओरडतो, घंटा होते, आणि डोक्यात राहतो तो पाऊस. आधीची अडीच मिनिटं गेली कुठे?

निकाल ऐका. लू फिलिपोने ११५-११३ हॅग्लरला दिली. डेव्ह मोरेटीने ११५-११३ लेनर्डला. आणि जोजो गुएराने ११८-११० लेनर्डला. १२ राउंडमध्ये ११८-११० म्हणजे दहा राउंड लेनर्डचे आणि दोनच हॅग्लरचे. एकच लढत, तीन खुर्च्या. हॅग्लर त्यानंतर आयुष्यात परत कधी लढला नाही.

मी ही लढत आवाजासकट पाहिली तेव्हा माझं कार्ड ११६-११२ लेनर्ड होतं. काही महिन्यांनी आवाज बंद करून पाहिली तर ११४-११४. दोन राउंडचा फरक नुसत्या गोंगाटाने पडत असेल का, हे तुम्ही स्वतः करून बघा. मला ११५-११३ दोन्हीकडे पटतं. ११८-११० मात्र राजेहो, कितीही वेळा पाहिलं तरी पटत नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. आपल्यापेक्षा वेगळा निकाल आला म्हणजे लगेच 'पंच विकला गेला' असं होत नाही. पंच रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. बॉक्सरची पाठ तुमच्याकडे असेल तर त्याने पोटात मारलेला ठोसा तुम्हाला दिसणारच नाही. टीव्हीचा कॅमेरा बऱ्याचदा एकाच बाजूने आणि थोडा वरून पाहतो. म्हणजे आपण सहावी खुर्ची आहोत, देवाची नाही.

पण कधीकधी अन्याय खरंच अन्याय असतो. १९८८ ची सोल ऑलिंपिक, ७१ किलोचा अंतिम सामना. अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर विरुद्ध यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. मोजणी करणाऱ्यांच्या आकड्यानुसार जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. निकाल ३-२, पार्क विजयी. तिथे वही काढायचीही गरज नाही. त्याच स्पर्धेत सर्वोत्तम बॉक्सरचा व्हॅल बार्कर चषक जोन्सलाच दिला, म्हणजे बघा!

यावर उपाय म्हणून १९९२ च्या बार्सिलोनापासून कॉम्प्युटर आला. पाच पंचांच्या हातात बटणं. एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तर एक गुण. ऐकायला झकास. पण पोटातला ठोसा तिघांना एकदम दिसणं कठीण, म्हणून पोरं चेहऱ्यावर एकेक जॅब टाकून मागे पळायला लागली. आपल्या विकास कृष्णनची २०१२ च्या लंडनची लढत याच काळातली. समोर एरोल स्पेन्स, जो पुढे व्यावसायिक विश्वविजेता झाला. आधी जाहीर झालं, विकास १३-११ ने जिंकला. मग अमेरिकेने अपील केलं, विकासचे पकडण्याचे फाउल धरले गेले, माउथगार्ड मुद्दाम थुंकल्याचंही धरलं, आणि निकाल झाला १५-१३ स्पेन्सला. इकडे सगळे रागावले. ती लढत शांतपणे पाहिली तर शेवटच्या राउंडमधली पकडापकडी डोळ्यात भरते. मला अपील कडू लागलं तरी खोटं वाटत नाही.

२०१३ पासून ऑलिंपिकच्या बॉक्सिंगमध्येही तीच १० गुणांची पद्धत आली. आणि तिचा सगळ्यात छळणारा नमुना म्हणजे मेरी कोमची टोकियोतली लढत. २९ जुलै २०२१, ५१ किलो, समोर कोलंबियाची इनग्रिट वालेन्सिया. मेरी तेव्हा ३८ वर्षांची. तीन राउंड. पहिला वालेन्सियाने ४-१ घेतला. दुसरा मेरीने ३-२. तिसराही मेरीने ३-२. तीनपैकी दोन राउंड मेरीचे, आणि लढत हरली ३-२. गावात त्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, 'असं कसं?'

असं. राउंडची बेरीज होत नाही, प्रत्येक पंचाच्या कार्डाची होते. तीन राउंड गुणिले पाच पंच म्हणजे पंधरा मतं. वालेन्सियाला ४ आणि २ आणि २, म्हणजे ८. मेरीला १ आणि ३ आणि ३, म्हणजे ७. आता ही आठ मतं कशी वाटली जातात पाहा. एका पंचाने तिन्ही राउंड वालेन्सियाला दिले. दोघांनी दोन-दोन दिले. झाले तीन पंच तिच्या बाजूने, सात मतं. उरलेलं एक मत चौथ्या पंचाकडून, पण त्याचं कार्ड मेरीकडे. पाचव्याने तर तिन्ही मेरीला. झालं, ३-२. कागद घ्या आणि मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. गणितात खोट नाही. खोट असेल तर पहिल्या राउंडमधल्या सावधपणात आहे. मेरी पहिली तीन मिनिटं अंदाज घेत होती, आणि तीन राउंडच्या लढतीत अंदाज घ्यायला तीन मिनिटं म्हणजे फार महाग.

हे सगळं मला का पडलंय, तेही सांगतो. आपल्या भागात बॉक्सिंग म्हणजे अकोला. तिथल्या क्रीडा प्रबोधिनीत आपली पोरं जातात. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथूनच घडला आणि २०१९ ला इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलोत सुवर्ण घेऊन आला. त्याच स्पर्धेत मेरी कोमचंही सुवर्ण होतं. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ ला पोलंडमध्ये युवा विश्वविजेतेपद मिळवलं. हे पाहून गावागावातली पोरं ग्लोव्ह घालतात. आणि त्यांच्यासाठी १०-९ हा नुसता आकडा नसतो. राज्याच्या स्पर्धेतलं पदक म्हणजे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडूंचं आरक्षण. एका राउंडवर घराचं गणित बसलेलं असतं.

माझा मामेभाऊ असाच एका स्पर्धेत ३-२ ने हरला. घरी आला तो ग्लोव्ह कोपऱ्यात फेकून. "दादा, पंचानं हरवलं मले." मामा तेच म्हणत होते, मामी तेच, सोबतची पोरंही तेच. लढतीचा व्हिडिओ मामांनीच काढलेला. मी रात्री एकटा बसून पाहिला, आवाज बंद करून, कारण आवाजात फक्त मामाच होते. पहिला राउंड त्याचा. दुसरा समोरच्याचा. तिसरा... तिसरा पण समोरच्याचा. माझं कार्ड २९-२८, आपल्या पोराच्या विरुद्ध.

मी त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर वही दिली, मोबाइल दिला, आवाज बंद केला, म्हटलं तू लिही. पहिला लिहिला स्वतःला. दुसरा बराच वेळ थांबून समोरच्याला. तिसरा लिहिलाच नाही. वही मिटली आणि गेला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मामींनीही फोनवर मला दोन शब्द सुनावले. मग एका रात्री त्याचा फोन. "दादा, तिसऱ्यात शेवटी मी मागं सरकत होतो ना?" मी म्हटलं, हो. त्यावर म्हणाला, "दमलो होतो." सध्या पहाटे पळायला जातो. पुढच्या वर्षी काय होईल ते होईल.

असो. सुरुवात करायची असेल तर थेट १२ राउंड घेऊ नका, डोकं भंजाळतं. ऑलिंपिकच्या तीन राउंडच्या लढती घ्या. निशांत देवची पॅरिस २०२४ ची, मेक्सिकोच्या मार्को वर्देविरुद्धची लढत घ्या. पहिला राउंड निशांतने घेतला आणि शेवटी ४-१ ने हरला. तुमचं कार्ड काय येतं ते मला पाठवा, पण तिरंगा मनात बाजूला ठेवून. मग हॅग्लर-लेनर्ड. आणि मग ८ मार्च १९७१, अली-फ्रेझर पहिली, पूर्ण १५ राउंड. ती मात्र त्या काळच्या रीतीने, १० गुण न देता नुसते राउंड मोजून लिहा. तेव्हा रेफरीसुद्धा कार्ड लिहायचा. दोन पंचांनी ९-६ आणि ११-४ दिलं, रेफरी आर्थर मर्कांटेने ८-६ आणि एक राउंड बरोबरीत, तिघांनीही फ्रेझरला. त्या पद्धतीत पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने अली पडतो, तेही एकच राउंड, आणि आधीचा एखादा उन्नीस-बीस राउंड, तोही एकच. आणि अली मार खाल्ल्यावर मान हलवून 'काही लागलं नाही' म्हणतो ना, तिकडे पाहू नका. ठोसा लागला की नाही, तेवढंच पाहा.

पुढच्या भागात मनिला. १ ऑक्टोबर १९७५, अली-फ्रेझर तिसरी. चौदा राउंड झाल्यावर फ्रेझरच्या कोपऱ्याने लढत थांबवली. म्हणजे निकाल कार्डावर गेलाच नाही. तरी तुम्ही चौदाही राउंड लिहून ठेवा, मी माझे लिहिलेत. जुळवू.