सरकारी कार्यालयात कोणाला किती जागा, कोणाला किती पगार? कायम आणि कंत्राटी कामगारांसाठी सोपी माहिती

दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. येथे देशाच्या जवळपास प्रत्येक राज्यातून आलेली कुटुंबे राहतात. तमिळ कुटुंबांचे मलाई मंदिर याच वसाहतीत आहे. केंद्रीय हिंदी निदेशालयासारखी कार्यालयेही येथेच आहेत. मात्र सकाळी कार्यालयाचे दार उघडणारा चौकीदार, जिना पुसणारी ताई आणि बागेतील माळी हे बहुतेक वेळा सरकारचे कायम कर्मचारी नसतात. ते ठेकेदाराकडून आलेले असतात.

तुमच्या घरातील कोणी सरकारी नोकरीसाठी अर्ज करत असेल किंवा सरकारी कार्यालयात कंत्राटी काम करत असेल, तर खालील माहिती तुमच्यासाठी आहे.

पगार कसा ठरतो?

केंद्र सरकारमध्ये पगार पदाला असतो, माणसाला नाही. सातव्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक पदाला एक पातळी ठरवून दिली आहे. काही उदाहरणे पाहा. ही सुरुवातीची मूळ वेतने आहेत.

- पातळी १ (मल्टि टास्किंग स्टाफ, म्हणजे पूर्वीचे शिपाई वगैरे): १८,००० रुपये
- पातळी २ (कनिष्ठ लिपिक): १९,९०० रुपये
- पातळी ६ (कनिष्ठ अनुवाद अधिकारी): ३५,४०० रुपये
- पातळी १० (गट अ मधील सुरुवातीची पदे): ५६,१०० रुपये

यावर महागाई भत्ता मिळतो. त्याचा दर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, सुधारला जातो. सरकारी घर मिळाले नसेल तर घरभाडे भत्ताही मिळतो.

घराचा प्रकारही याच पातळीवर ठरतो. पातळी १ ला टाइप १, पातळी २ ते ५ ला टाइप २, पातळी ६ ते ८ ला टाइप ३ आणि पातळी ९ ते ११ ला टाइप ४. त्यामुळे सरकारी वसाहतीत घराच्या टाइपवरून पगाराचा अंदाज येतो.

आरक्षणातून लागलेल्याचा पगार कमी असतो का?

नाही. एकदा नेमणूक झाली की त्याच पदावरच्या सर्वांना वेतनाची एकच पातळी लागू होते. जात, धर्म, अपंगत्व किंवा स्त्री-पुरुष असा फरक त्यात करता येत नाही.

केंद्राचे आरक्षण आणि महाराष्ट्राचे आरक्षण वेगळे आहे

अनेक मराठी उमेदवारांचा येथे गोंधळ होतो. अखिल भारतीय खुल्या स्पर्धेतून होणाऱ्या केंद्राच्या भरतीत प्रमाण असे आहे:

- अनुसूचित जाती: १५ टक्के
- अनुसूचित जमाती: ७.५ टक्के
- इतर मागासवर्ग: २७ टक्के
- आर्थिक दुर्बल घटक: १० टक्के (२०१९ पासून)
- दिव्यांग: ४ टक्के (वरील सर्व प्रवर्गांत समांतर)

महाराष्ट्र शासनाच्या भरतीत अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के आणि इतर मागासवर्गाला १९ टक्के जागा आहेत. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना वेगळ्या जागा आहेत. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या नागरी पदांत महिलांसाठी असे सरसकट आरक्षण नाही. मात्र कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांचे शुल्क महिलांना माफ असते.

अर्ज करताना तीन गोष्टी पाहा:

१. इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातच हवे. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर अर्ज नाकारला जाऊ शकतो.
२. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी तपासा. राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असे नाही.
३. राज्याचे एसईबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या भरतीत चालत नाही.

कार्यालयात सर्व समाजांचे लोक आहेत, मग प्रश्न काय?

किती लोक आहेत एवढेच मोजून चालत नाही, ते कोणत्या पातळीवर आहेत हेही पाहावे लागते. केंद्र सरकारच्या प्रतिनिधित्वाच्या तक्त्यांत सफाई कर्मचाऱ्यांची संख्या वेगळी दाखवली जात असे. ती इतर पदांत मिसळली तर अनुसूचित जातींचा एकूण वाटा मोठा दिसतो, पण तो वाटा झाडूच्या कामात आहे की टेबलावरच्या, हे कळत नाही.

दुसरा प्रश्न कंत्राटाचा आहे. कार्यालयाने स्वतः ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळासाठी तात्पुरती नेमणूक केली, तर केंद्राच्या नियमाप्रमाणे तीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांना आरक्षण द्यावे लागते. ठेकेदारामार्फत येणारा माणूस मात्र सरकारच्या आस्थापनेवर नसतो. त्याचे नाव बिंदुनामावलीत येत नाही. कायम पद रद्द होऊन ते काम ठेक्यावर गेले, की त्या पदाबरोबर आरक्षणाची जागाही जाते.

"समान कामाला समान वेतन" हा हक्क कसा मिळाला?

या हक्काचे दोन महत्त्वाचे निकाल केंद्र आणि दिल्लीच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यांतून आले आहेत.

१९८२ मध्ये दिल्ली पोलिसांतील एक चालक शिपाई, रणधीर सिंह, सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्ली प्रशासनाच्या इतर खात्यांतील चालकांना अधिक वेतन आणि आपल्याला कमी का, असा त्यांचा प्रश्न होता. समान कामाला समान वेतन हे संविधानाचे उद्दिष्ट आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

१९८६ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रोजंदारी कामगारांचा निकाल लागला. सरकारी वसाहतींची देखभाल हाच विभाग करतो. कायम कामगारांचेच काम करणाऱ्या या रोजंदारी कामगारांना तेवढेच वेतन आणि भत्ते द्यावेत, असा आदेश न्यायालयाने दिला.

त्यानंतर ७ जून १९८८ रोजी केंद्राने सूचना काढली. रोजंदारी कामगार कायम कर्मचाऱ्याचेच काम करत असेल, तर त्याला त्या पदाच्या किमान वेतनाचा आणि महागाई भत्त्याचा तिसावा भाग रोज द्यावा. पातळी १ साठी १८,००० चा तिसावा भाग म्हणजे ६०० रुपये, अधिक त्या प्रमाणात महागाई भत्ता. २०१६ च्या जगजीत सिंह निकालात न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी हे तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले.

हे लक्षात ठेवा: समान वेतनाचा हक्क म्हणजे कायम नोकरीचा हक्क नव्हे. २००६ च्या उमादेवी निकालानुसार, नियमित भरतीशिवाय लागलेल्यांना केवळ अनेक वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. "पैसे द्या, कायम करून देतो" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही ठेकेदाराकडे काम करत असाल तर

- केंद्रीय कार्यालयांतील कंत्राटी कामासाठी किमान वेतनाचे दर मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) जाहीर करतात. त्यातील महागाईचा भाग १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरपासून बदलतो. आपला दर या तारखांना तपासा.
- महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे.
- एकाच कामासाठी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी वेतन देता येत नाही.
- भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापता येत नाही. यूएएन क्रमांक मागून घ्या आणि उमंग अॅपवर जमा रक्कम पाहा.
- पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. तुमची कपात ०.७५ टक्के, मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के.
- बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातील काही रक्कम रोख परत मागणे बेकायदा आहे.
- ठेकेदाराने पगार बुडवला, तर ज्या कार्यालयात तुम्ही काम करता त्या कार्यालयावर तो देण्याची जबाबदारी येते.

तक्रार कुठे करावी?

केंद्रीय कार्यालयातील पगाराची तक्रार प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्याकडे किंवा 'समाधान' पोर्टलवर करता येते. भविष्य निर्वाह निधीची तक्रार ईपीएफओकडे करावी. इतर तक्रारींसाठी सीपीग्राम्स पोर्टल आहे.

तक्रारीसोबत ओळखपत्राची प्रत, बँक पासबुकातील नोंदी, हजेरीचा पुरावा आणि ठेकेदाराचे नाव जोडा. नेमणूकपत्र दिलेले नसेल तरी तक्रार करता येते. मात्र ठेका बदलला की जुन्या ठेकेदाराची कागदपत्रे मिळणे अवघड होते. म्हणून दर महिन्याची वेतनचिठ्ठी मागून घ्या. ती मिळत नसेल, तर हजेरी आणि मिळालेली रक्कम वहीत तारखेसह लिहून ठेवा.