गोव्याचे जहाज आपल्याला परवडते का?

गेल्या उन्हाळ्यात खालापूर तालुक्यातील एका गावी लग्नाला गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर मंडपात पंख्याखाली बसलो असता खोपोलीच्या कारखान्यात काम करणारे एक बांधव जवळ येऊन बसले. जयभीम झाला, मुलाबाळांची विचारपूस झाली. मग ते हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हणे जहाजाने गोव्याला जाऊन आलात. ते आपल्यासारख्याला परवडते का हो?" हे विचारताना त्यांनी आवाज इतका लहान केला होता, की जणू काही गैर गोष्टच विचारीत आहेत. त्यांना उत्तर देता देता तासभर गेला. नंतर आणखी दोघा-तिघांनी हेच विचारले, तेव्हा एकदाचे लिहूनच काढावे असे ठरविले.

आपला जिल्हा समुद्राचा, पण कर्जत-खालापूरची माणसे डोंगराची. आपल्या नद्या उल्हास आणि पाताळगंगा. आपली कामे भाताच्या शेतीची, वीटभट्टीची, कारखान्याची, नाहीतर पहाटेची लोकल पकडून मुंबईची. आमच्या आईने साठी ओलांडेपर्यंत समुद्र पाहिला तो फक्त सहा डिसेंबरला, दादरला चैत्यभूमीच्या रांगेतून. गर्दीतून मान उंच करून जेवढा दिसला तेवढाच तिचा समुद्र.

आम्ही आतापर्यंत तीन वेळा प्रवासी जहाजावर गेलो. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा निभावले आणि तिसऱ्यांदा मौज केली. त्या चुकांचा हिशेब आधी सांगतो, कारण पैसा तिथेच जातो.

जुन्या लोकांना ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी आठवत असतील. मुंबईहून गोव्यापर्यंत बंदरे घेत जायच्या. डेकवर वळकटी पसरायची, बरोबरची भाकरी सोडायची आणि झोपायचे. ती वाहतूक होती, चैन नव्हती. ऐंशीच्या दशकात ती बंद पडली. २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले, तेही फार काळ चालले नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून मात्र मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे मोठे प्रवासी जहाज जाऊ लागले. हे जहाज म्हणजे पाण्यावरचे हॉटेल. येथे पोहोचण्याला महत्त्व नाही, राहण्याला आहे. म्हणून त्याचे भाडे एस. टी.च्या किंवा रेल्वेच्या भाड्याशी ताडून पाहू नये. दोन-तीन दिवसांचे राहणे, जेवण आणि करमणूक धरून मग काय तो विचार करावा.

पहिल्या खेपेला आम्ही जाहिरातीतला आकडा पाहून हुरळलो. तो आकडा एका माणसाचा, तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क वेगळे. जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष भरलेला आकडा यांत आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त फरक पडला. आम्ही स्वतः बी.कॉम. झालेले, दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासणारे, आणि एवढे विचारायचे राहून गेले! म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारावा, "सगळे कर आणि शुल्क धरून आमच्या चौघांचे मिळून एकूण किती?" आणि ते कागदावर लिहून घ्यावे. एका खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला, विशेषतः मुलांना, पुष्कळदा भाडे कमी असते. तेही विचारावे. आपणहून कोणी सांगत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. त्या सहलीसाठी आम्ही पतपेढीचे कर्ज काढले. गोव्याची आठवण दोन महिन्यांत विरली, हप्ता मात्र दीड वर्ष पगारातून कापला जात होता. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हाती आली की सौ. म्हणायची, "आले बघा तुमचे जहाज." आमचे स्पष्ट मत आहे, घर, औषधपाणी आणि शिक्षण यांसाठी कर्ज काढावे, सहलीसाठी नाही. दुसऱ्या खेपेपासून आम्ही बँकेत आर.डी. लावली. महिन्याला १,५०० रुपये, चोवीस महिने, म्हणजे ३६,००० आणि वर व्याज. दोन वर्षे थांबावे लागते खरे, पण जहाज कुठे पळून जात नाही.

दिवाळी, नाताळ आणि वर्षअखेर या दिवसांत भाडे चढते. शनिवार-रविवार धरून सुटणाऱ्या फेरीपेक्षा मधल्या वारांची फेरी बहुधा स्वस्त पडते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या काळात जहाज चेन्नईच्या बाजूला जाते. मे महिन्याच्या अखेरीसही समुद्र हलू लागतो. आम्हाला जानेवारीचा मधला आठवडा सर्वांत चांगला वाटला. मुलांची शाळा दोन दिवस बुडते, तेवढे मुख्याध्यापकांना सांगून निभवावे.

खोली घेताना खिडकी नसलेली, आतल्या बाजूची खोली सर्वांत स्वस्त. तीच घ्यावी. खोलीत आपण फक्त झोपतो, समुद्र वरच्या डेकवर फुकट आहे. एकच अडचण. या खोलीत दिवा मालवला की काळामिट्ट अंधार होतो. आमची आई पहिल्या रात्री दचकून उठली, दिवस की रात्र तिला कळेना. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार थोडे उघडे ठेवले, मग तिला झोप लागली. खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागची खोली कमी हलते, हेही लक्षात ठेवावे.

सामानाविषयी सांगताना एक जुनी हकीकत आठवते. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून मायदेशी परतत होते. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. पहिल्या महायुद्धाचे दिवस, ते जहाज पाणतीर लागून बुडाले आणि इतक्या कष्टाने जमविलेली पुस्तके गेली. आज कोणी पाणतीर मारीत नाही, पण जहाजावर अजूनही माणूस एका वाटेने आणि सामान दुसऱ्या वाटेने जाते. धक्क्यावर बॅगा ताब्यात घेतात आणि त्या काही तासांनी खोलीपाशी येतात. म्हणून ओळखपत्रे, पैसे, चष्मा, बी.पी. किंवा साखरेच्या गोळ्या आणि लहान मुलाचे एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवावे. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत एक असावे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि घरात तिसरेच, असे पुष्कळांचे असते. लहान मुलांचेही ओळखपत्र लागते. गरोदर भगिनींनी आणि अगदी तान्ही मुले असलेल्यांनी आधीच नियम विचारावेत. बहुतेक जहाजे सहा महिन्यांच्या आतले मूल आणि सहाव्या महिन्यापुढची गर्भवती घेत नाहीत.

जहाज बॅलार्ड पिअरहून सुटते. कर्जतहून सीएसएमटीला दोन तास धरावेत, पुढे टॅक्सी. निघण्याचा दिवस रविवार असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशीच पाहावे. लोकल कुणासाठी थांबत नाही आणि जहाजही थांबत नाही.

चढल्यावर सुरक्षेची कवायत होते. भोंगा वाजला की कुठे जमायचे आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे ते दाखवितात. पुष्कळ प्रवासी तेवढ्या वेळात फोटो काढीत हिंडतात. आपण तसे करू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, ३२ माणसे मेली. त्यातल्या कित्येक प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते तर आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिले. घाबरविण्यासाठी हे सांगत नाही. लाइफ जॅकेट कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, ठाऊक असावे एवढेच.

मळमळीचा सर्वांना धाक असतो. रिकाम्या पोटी राहू नये आणि ठासूनही जेवू नये. आल्याचा तुकडा चघळावा, मोकळ्या हवेत येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायची ती त्रास सुरू होण्याआधी आणि आपल्या डॉक्टरांना विचारून, कारण जहाजावरचा डॉक्टर वेगळे पैसे घेतो. याहून चांगला उपाय म्हणजे आधी स्वस्तात परीक्षा पाहणे. खोपोलीहून पेणमार्गे एस. टी. बदलत अलिबाग, तेथून मांडवा. मांडव्याहून २०२० पासून रो-रो बोट भाऊच्या धक्क्याला जाते, साधारण तासाचा प्रवास. धक्क्यावरून डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ, पुढे लोकलने कर्जत. एका दिवसाची सहल होते, आणि घरात कुणाला समुद्र लागतो कुणाला लागत नाही ते थोडक्या पैशांत कळते. आमच्या धाकट्याला लागतो हे आम्हाला ऐन जहाजावर कळले. त्या बिचाऱ्याची अर्धी सहल गादीवरच गेली.

आता आतल्या खर्चाकडे येऊ. जेवण भाड्यात धरलेले असते. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही, पोटभर. पण डब्यातले सरबत, फोटो, मुलांचे खेळ, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. नोटा काढाव्या लागत नाहीत, खोलीचे कार्ड दाखविले की झाले. खरा घोळ तिथेच आहे. खिशातून नोट जाताना माणसाला कळते, कार्डातून जाताना कळत नाही. पहिल्या सहलीत शेवटच्या रात्री आमचे वरखर्चाचे बिल चार हजारांवर गेले आणि नवरा-बायकोत भांडण झाले. त्यानंतर आम्ही नियम केला, कार्ड एकट्या सौ.कडे. बार आणि जुगाराचे टेबल जहाजावर असतेच, पंचशील घेतलेल्या माणसाचा तेवढा खर्च आपोआप वाचतो. किनारा सुटला की मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा. जहाजाचे स्वतःचे नेटवर्क पकडले गेले तर परदेशी दराने पैसे कापले जातात. गावाकडे आधीच सांगून ठेवावे, की दोन दिवस फोन लागणार नाही.

आता जे सांगणार आहोत ते कोणत्याही जाहिरातीत नसते. दुसऱ्या खेपेला आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये पांढरा सदरा घालून उभे होतो. एका गृहस्थाने न बघताच आपली उष्टी ताटली आमच्या हातात दिली. आम्ही त्याच हॉलमध्ये, तसेच भाडे भरून आलेले. क्षणभर कानशिले तापली. मग ती ताटली शेजारच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "मीही जेवायलाच आलोय." ते ओशाळले, माफीही मागितली. पण आम्हाला रात्रभर वेगळेच बोचत राहिले. राग कशाचा आला, नोकर समजल्याचा? मग जो खरोखर ताटल्या उचलतो तो काय कमी प्रतीचा? दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या मुलांशी बोलू लागलो. एक रत्नागिरीचा निघाला, एक डोंबिवलीचा. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर नाही, रविवार नाही. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने कामाच्या तासांना मर्यादा घातली आहे, दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर. आपल्या कारखान्यातल्या माणसाने हा आकडा दोनदा वाचावा.

आपल्या मुलांनाही या नोकरीचे आकर्षण आहे. तेव्हा येथेच सांगतो, की नौवहन महासंचालनालयाच्या परवान्याच्या एजन्सीशिवाय कुणाकडे जाऊ नये. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे. कोणी दोन लाख मागत असेल तर उठून चालू लागावे.

तिसऱ्या सहलीला आई बरोबर होती. तिने आयुष्याची वीस वर्षे वीटभट्टीवर काढली. पहिल्या दिवशी जेवायच्या हॉलमध्ये काटे-चमचे पाहून ती मागेच सरकली. मुलगी कुजबुजली, "आजी, चमच्याने खा." आम्ही म्हटले, हाताने खा. तिने निवांत मासळी आणि भात हाताने खाल्ला. वाढणारा मुलगा तिला मावशी म्हणू लागला आणि रोज विचारून जास्तीचा तुकडा आणू लागला.

परतीच्या पहाटे ती आम्हाला उठवून वर घेऊन गेली. मुंबईचे दिवे दिसू लागले होते. "कर्जत कुठल्या अंगाला?" तिने विचारले. आम्ही उजाडत असलेली बाजू दाखविली. ती तिकडे तोंड करून कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. आम्ही तोवर खाली जाऊन बिल तपासून आलो. हे काम आदल्या रात्रीच करावे, सकाळी रांग लागते. सगळे मिळून दोनशे साठ रुपये वरखर्च निघाला, तोही नातवाच्या आइस्क्रीमचा.

सीएसएमटीला कर्जत लोकल रिकामी मिळाली. ठाण्याला चढलेल्या एका बाईने बॅगा पाहून आईला विचारले, "कुठून आलात, आजी?" आई साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गोव्याहून. जहाजाने." भिवपुरी येईपर्यंत त्या बाईने भाड्यापासून जेवणापर्यंत सगळे विचारून घेतले.