थरमध्ये, पाण्याकडून पाण्याकडे

वाळवंटात एकट्याने पायी जायचे तर वाट पाण्यावरून ठरते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. जानेवारीतल्या थंडीतही दिवसभर चालायला मला पाच लिटर लागते. दोन दिवसांचे पाणी म्हणजे दहा किलो, वर तंबू आणि शिधा. त्याहून ओझे वाढले की वाळूत पाय जास्त रुततो, दमछाक होते आणि तहानही वाढते. म्हणून जैसलमेरहून नैऋत्येला खुरीकडे निघताना नकाशावर आधी विहिरी आणि ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या, यांच्या खुणा करतो. सीमेलगतच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जाता येत नाही; वाट त्याच्या अलीकडूनच काढावी लागते.

इथे सगळीकडे वाळूच आहे असे नाही. मैलोन्‌मैल खडकाळ माळ लागतो, त्यावर सेवण गवताचे झुबके. टेकाडे आली की वाऱ्याकडची बाजू धरायची; ती कमी चढाची आणि घट्ट असते. आडोशाची बाजू तीव्र आणि भुसभुशीत, तिथे प्रत्येक पाऊल निम्मे मागे सरकते. भुरट गवताचे काटेरी बी मोज्यांत घुसते, ते थांबून काढावेच लागते, नाहीतर संध्याकाळपर्यंत घोटा सोलवटतो. उजाडताच चालायला लागून ऊन चढेपर्यंत मोठा पल्ला मारायचा, दुपारी खेजडीखाली पडायचे. दसऱ्याला आपण जिला पुजतो तीच ही शमी. इथे तिच्या शेंगांची भाजी होते आणि पाला शेळ्या-उंटांना जातो.

या भागात वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि खोलवरचे पाणी बहुतेक खारे. तरी बेरी नावाच्या छोट्या विहिरीत गोडे पाणी मिळते. काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा थर असतो. झिरपलेले पावसाचे पाणी त्यावर अडते, खाऱ्यात मिसळत नाही, वाळूत ओलावा होऊन राहते. तिथे अरुंद तोंडाची बेरी खणली की हा ओलावा थेंबाथेंबाने तळाशी जमतो. म्हणून ते पाणी बेतानेच उपसायचे आणि तोंड झाकून ठेवायचे. इथल्या पालीवाल समाजाने रूढ केलेल्या खडीनांतही हीच समज आहे: उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालायचा, पाऊस तिथे मुरवायचा आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. दिवसभर करडा माळ तुडवल्यावर असे हिरवे शेत दिसले की जवळच माणसे आहेत हे कळते.

पर्यावरणविषयक लेखक अनुपम मिश्र यांनी १९९५च्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या पुस्तकात ही सारी व्यवस्था लिहून ठेवली. आता इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जैसलमेरपर्यंत आले आहे आणि ते हवेच होते. पण नळ आला म्हणून बेरी गाळाने भरू देणे मला परवडणारे वाटत नाही. गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांची जमीन सरकारदप्तरी पडीक ठरते आणि सौर-पवन प्रकल्पांकडे जाते, तेव्हा पाणी वाहून येण्याचा उतार आणि गुरांचे चरणेही जाते. सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळावरून जवळपास दिसेनासा झालेला माळढोक पक्षी ज्या थोड्या जागी उरला आहे त्यांतली ही एक, आणि इथल्या उच्चदाबाच्या तारांवर आदळून तो मरतो.

एकट्याने चालणारा इथे खरे तर या गावांच्या राखणीवर चालतो. म्हणून बेरीपाशी आधी विचारावे, लागेल तेवढेच घ्यावे, झाकण लावावे. आणि परतल्यावर वाळूच्या छायाचित्रांइतकेच ओरणांबद्दल बोलावे.