गिटारचे नक्षीदार लाकूड

नक्षीचे दोन उगम

हाताने घडवलेल्या गिटारवर लाटा, ठिपके किंवा काळ्या रेषा दिसतात, त्या सहसा रंगवलेल्या नसतात; त्या लाकडातच असतात. त्यांचे उगम दोन. झाड जिवंत असताना त्याचे तंतू सरळ न वाढता नागमोडी किंवा गुंतागुंतीचे वाढतात, हा एक. झाड मेल्यानंतर बुरशी लाकडात शिरते आणि त्यावर आपल्या खुणा सोडते, हा दुसरा. त्याला स्पॉल्टिंग म्हणतात. पहिल्या प्रकारात तंतूंची दिशा विचलित होते, दुसऱ्यात तंतूच झिजू लागतात. म्हणजे ज्या कारणाने लाकूड देखणे होते, त्याच कारणाने ते थोडेफार दुबळेही होते. ते किती सुंदर आहे यापेक्षा ते गिटारच्या कोणत्या भागाला परवडेल, हा प्रश्न कारागिराला अधिक महत्त्वाचा असतो.

तंतू आणि प्रकाश

नागमोडी तंतूंच्या खोडातून सपाट फळी कापली की पृष्ठभागावर काही ठिकाणी तंतूंच्या बाजू येतात, तर काही ठिकाणी त्यांची छेदलेली टोके. बाजूंवरून प्रकाश परावर्तित होतो, टोकांत तो शोषला जातो. त्यातून आलटून पालटून उजळ आणि गडद पट्टे तयार होतात. फळी थोडी तिरपी केली की उजळ पट्टे गडद होतात आणि गडद उजळतात. या नक्षीला ‘फ्लेम’ म्हणतात; व्हायोलिनच्या पाठीवरचा पट्टेदार मेपल तो हाच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बिगलीफ मेपलमध्ये पट्ट्यांऐवजी फुगीर बुडबुड्यांसारखी ‘क्विल्ट’ नक्षी सापडते. शुगर मेपलमध्ये ‘बर्ड्स आय’ नावाचे बारीक डोळे दिसतात आणि त्यांचे कारण वनस्पतिशास्त्राला अजून नेमके ठरवता आलेले नाही. महोगनीत क्विल्ट फार विरळा. बेलीझमधील चिकिबुलच्या जंगलात 1965 मध्ये तोडलेले असे एक महोगनीचे झाड दरीत कोसळले आणि तिथेच पडून राहिले. पुढे ते बाहेर काढले गेले. आज गिटार घडवणारे त्याला नुसते ‘द ट्री’ म्हणतात आणि त्याच्या फळ्यांना असामान्य किंमत मोजतात.

कापण्याची दिशा

एकाच ओंडक्यातून दोन अगदी वेगळ्या फळ्या निघू शकतात. फ्लेम सर्वांत ठसठशीत दिसते ती खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीवर. क्विल्ट आणि बर्ड्स आय मात्र वार्षिक वलयांना स्पर्शरेषेने कापल्यावर खुलतात. इथे एक अडचण येते. हवेतील आर्द्रतेप्रमाणे लाकूड फुगते आणि आक्रसते, आणि स्पर्शरेषेच्या दिशेने होणारा हा बदल त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. त्यामुळे क्विल्टची फळी तिच्या रुंदीत अधिक चंचल असते आणि तिला पुरेसे वाळवून, मुरवूनच वापरावे लागते.

जुळ्या फळ्या

गिटारची पाठ किंवा दर्शनी फळी बहुधा एका जाड तुकड्याचे दोन पातळ काप करून, ते पुस्तकासारखे उघडून जोडतात. नक्षी मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जुळते. परंतु एक काप उलटा झालेला असल्याने त्यातील तंतूंचा उतारही उलटतो. परिणामी एका कोनातून डावा अर्धा उजळ आणि उजवा काळवंडलेला दिसतो, दुसऱ्या कोनातून नेमके उलट. हा जोडणीतला दोष समजला जातो. तो दोष नाही.

बुरशीच्या सीमारेषा

स्पॉल्टिंगसाठी ओलावा, हवा, ऊब आणि मेपल, बीच, बर्च यांसारखे कूज सहज लागणारे लाकूड लागते. बुरशी तीन प्रकारच्या खुणा करते. ट्रामेटीस व्हर्सिकलरसारख्या बुरशा लाकूड फिकट, पांढुरके करतात. काही बुरशा रंगद्रव्य सोडतात: क्लोरोसिबोरियाचा निळसर हिरवा रंग इटलीतील प्रबोधनकाळच्या जडावकामात वापरलेला आढळतो. शाईने ओढल्यासारख्या काळ्या रेषा हा तिसरा आणि सर्वांत मागणी असलेला प्रकार. शेजारच्या प्रतिस्पर्धी बुरशीला किंवा प्रतिकूल परिस्थितीला रोखण्यासाठी बुरशी मेलॅनिनयुक्त भिंत उभारते. फळी कापली की त्या भिंतीचा छेद रेषा म्हणून दिसतो. कारागीर ज्याला रेखाटन म्हणून विकत घेतो, ती मुळात हद्दीची तटबंदी आहे.

स्पॉल्टिंगमध्ये वेळ साधणे कठीण. लवकर थांबवले तर रेषा येत नाहीत, उशीर झाला तर लाकूड भुसभुशीत होते. आर्द्रता सुमारे 20 टक्क्यांखाली उतरली की बुरशीची वाढ थांबते, म्हणून योग्य क्षणी ओंडका चिरून वाळवतात. मऊ राहिलेल्या जागी पातळ सायनोॲक्रिलेट गोंद किंवा रेझिन जिरवतात. त्याने पृष्ठभाग घट्ट होतो, पण वजन वाढते. असे लाकूड घासताना बुरशीची धूळ उडत असल्याने मुखपट्टी आवश्यक ठरते.

कोणत्या भागाला काय

पोलादी तारांच्या गिटारवर सर्व तारांचा मिळून ताण साधारण 70 किलोच्या आसपास असतो. तो मान आणि पुढची फळी सोसतात, म्हणून तिथे सरळ तंतूंचे लाकूडच योग्य. पुढच्या फळीसाठी स्प्रूस किंवा सीडार. नक्षीदार लाकूड पाठीला आणि बाजूंना जाते. बाजूच्या पट्ट्या जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या तापलेल्या नळीवर वाकवाव्या लागतात. फ्लेमची प्रत्येक लाट तिथे तडकण्याची जागा असते. स्पॉल्टेड लाकडाला त्याहून सुरक्षित जागा हवी: ध्वनिछिद्राभोवतीचे कडे, शीर्षावरचा पातळ पापुद्रा किंवा भरीव इलेक्ट्रिक गिटारचा वरचा थर. इलेक्ट्रिक गिटारमध्ये भार मुख्यतः मान आणि मागचा ठोकळा पेलतो, त्यामुळे वरच्या थराला शोभेची मुभा मिळते. गिब्सनची लेस पॉल 1952 मध्ये आली तेव्हा तिचा मेपल सोनेरी रंगाखाली झाकलेला होता. 1958 मध्ये पारदर्शक लालसर छटा आली आणि खालच्या लाटा दिसू लागल्या. पुढे संग्राहकांनी त्या लाटांवरूनच एकेका गिटारची किंमत ठरवली.

निवडीच्या खुणा

रंध्याने गुळगुळीत न केलेल्या फळीवर नक्षी लपते. स्पिरिटचा बोळा फिरवला की ती काही क्षण उघडी पडते. स्पॉल्टेड तुकड्यात नख रुतते का, टकटक केल्यावर आवाज बोदा येतो का, आणि आकाराच्या मानाने तो फार हलका आहे का, हे तपासतात. विक्रेत्यांच्या ‘ए’ ते ‘पाच ए’ श्रेणींना सर्वमान्य मोजमाप नाही, म्हणून श्रेणीपेक्षा प्रत्यक्ष फळी पाहणे बरे.

आवाजाचा प्रश्न

नक्षीने आवाज सुधारतो हा समज टिकाऊ आहे, पुरावा मात्र तोकडा. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने 1862 मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली होती. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाने 2018 मध्ये फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या 6 गिटार 52 वादकांना मंद प्रकाशात, लाकूड न ओळखता वाजवायला दिल्या. पसंतीत फारच थोडा फरक आढळला. बुरशीबाबत चित्र अधिक रंजक आहे. स्विस संशोधकांनी निवडक बुरशी नियंत्रित प्रमाणात लावून व्हायोलिनच्या लाकडाची घनता घटवली, आणि 2009 मध्ये जर्मनीत झालेल्या पडद्याआडच्या वादनात अनेक श्रोत्यांनी त्या व्हायोलिनलाच स्ट्रॅडिव्हेरियस समजले. मात्र तिथे घनता कमी करूनही ताठरपणा राखणाऱ्या बुरशा मुद्दाम निवडल्या होत्या. जंगलात आपोआप कुजलेल्या ओंडक्याला तो निष्कर्ष लागू होत नाही.