हात लावू देत नाही, म्हणून सोडायचं?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. राख वरून विझलेली दिसते, आत निखारा असतो. आईमागे अनवाणी आलेलं स्वमग्न मूल त्यावर पाय देतं आणि मग त्या पायाला कुणालाच हात लावू देत नाही. बघणारे म्हणतात, "ऐकतच नाही तो, आईबाप तरी काय करणार?"

बरंच काही करू शकतात, आणि करायलाच हवं. मुलाला विनाकारण त्रास होईल असं जाणूनबुजून दुर्लक्ष त्याचा सांभाळ करणाऱ्याने केलं, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार तो गुन्हा आहे. "उपचार करताना काही झालं तर आम्हीच अडकू," ही उलटी भीतीही असते. पण बारा वर्षांखालच्या किंवा मनोविकल व्यक्तीच्या भल्यासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम २७ संरक्षण देतं. त्यालाही मर्यादा आहेत; मारहाण त्यात बसत नाही.

भाजलेल्या पायावर हळद किंवा टूथपेस्ट नको. साधं, स्वच्छ, वाहतं पाणी वीस मिनिटं हवं. विरोध करणाऱ्या मुलासाठी हा वेळ फार मोठा, म्हणून तो तुकड्यांत घ्यावा. आईने आधी स्वतःच्या पायावर लोट्याने पाणी ओतून दाखवावं, मग लोटा त्याच्याच हातात द्यावा. दहापर्यंत मोजायचं, थांबायचं, पुन्हा ओतायचं. अनेक स्वमग्न मुलांना हलका, ओझरता स्पर्श असह्य होतो, पण तळव्याचा स्थिर दाब चालतो. त्यामुळे बोटांनी चाचपण्याऐवजी पोटरी तळव्याने धरावी. भोवतीची गर्दी मात्र आधी हटवा. माझ्या मते अर्धा विरोध त्या गर्दीलाच असतो.

"चौघांनी दाबून धरा, होऊन जाईल" हा सल्ला सर्वांत धोक्याचा. पालथं पाडून पाठीवर भार दिला तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. खरचटलेलं धुवायला अर्धा तास थांबता येतं; भळाभळा रक्त वाहत असेल किंवा घशात काही अडकलं असेल तर थांबता येत नाही. तेव्हा बळ लावावंच लागतं, पण मूल बसलेलं किंवा कुशीवर असावं, छाती, मान आणि पोट मोकळं असावं, आणि धरणारं माणूस ओळखीचं असावं. काम होताच सोडावं.

मिरगीच्या झटक्यात तर धरायचंच नाही. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, सगळं बाजूला ठेवा. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन.

"रडला नाही म्हणजे लागलं नाही" हाही भ्रमच. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचं दुखणं कधी ओरडण्यातून, कधी गप्प होण्यातून, कधी जेवण सोडण्यातून दिसतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. न बोलणाऱ्या मुलाच्या पहाटे पापण्या जड झाल्या, पोट दुखतंय असं वाटलं, गिळता येईना, तर आधी पुजाऱ्याकडे नेण्यात वेळ घालवू नका. कापणं, चोखणं, आवळून बांधणं टाळा, त्याला चालू देऊ नका, उचलून थेट सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्या. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. अशा गावांनी पावसाआधीच आशाताईंशी बोलून वाट ठरवून ठेवावी.

"हे डॉक्टरांचं काम, आपल्याला काय कळतं?" गडचिरोलीने तरी हे म्हणू नये. इथल्याच गावांतल्या बायकांनी 'सर्च' या संस्थेच्या प्रशिक्षणानंतर घरोघरी नवजात बाळं वाचवली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

दवाखान्यात पोचल्यावर रांगेत ताटकळत बसू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २५ मध्ये दिव्यांगांना तपासणी आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद आहे. ते मागून घ्या.